स्विचचं बटण बंद करण्याआधी

“ताई, स्विच बंद पडी गया. आते काय करू?”

पारोळ्याकडून आमच्याकडे कामाला असलेल्या पोराचा फोन असतो. स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या नेटवर्क केबल जिथे येऊन जुळतात तो डबा. मागे मशीनचा आवाज, कोणीतरी ओरडतंय की काट्यावरची पावती निघत नाही. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. बटणाला हात लावू नको आणि दुसऱ्या कोणाला लावू देऊ नको. पिशवीतली निळी केबल काढ, लॅपटॉप लाव, मग बोलू.

मी जळगावात नेटवर्क देखभालीचं काम करते. जिनिंग, दालमिल, पतपेढ्या, रावेर-सावद्याकडची केळी पिकवायची चेंबर्स, दोन-तीन कॉलेजं. आमच्याकडे नवी पोरं येतात, त्यांना केबल क्रिम्प करता येते (टोकाला कनेक्टर बसवता येतो), व्हीलॅन करता येतो (एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं पाडता येतात). पण बिघडलेल्या स्विचच्या पोटातली माहिती काढून, नीट जपून, कंपनीच्या सपोर्टला देता येत नाही. ते कोणी शिकवलेलंच नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कमांड, म्हणजे स्विचला द्यायचे हुकूम, मी देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर सांगते तशा. वेगळं म्हटलं नसेल तर त्या सिस्को कंपनीच्या स्विचच्या आहेत. टाइप इंग्रजीतच करायच्या. ‘उभी रेघ’ म्हटलं की एंटरच्या वरच्या बटणावरची ती पाइपची खूण.

आधी एक जिनिंगची गोष्ट सांगते, कारण बटणाची एवढी धास्ती का ते त्याशिवाय कळणार नाही.

चोपडा तालुक्यातली जिनिंग. ऐन हंगाम, फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. आठवड्यात तीनदा नेटवर्क गेलं. तिन्ही वेळा तिथल्या वायरमनने स्विच बंद करून चालू केला, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. आम्ही पोचेपर्यंत दाखवायला काही नाही. ‘शो व्हर्जन’ ही कमांड देऊन स्विचला विचारलं तर एकच ओळ: ‘सिस्टिम रिटर्न्ड टू रॉम बाय पॉवर-ऑन’. म्हणजे वीज गेली, परत आली, म्हणून मी नव्याने सुरू झालो. आम्ही म्हटलं, बरोबरच आहे, वायरमनने बटण दाबलं होतं. स्विचच सदोष असणार असं धरून मी नवा घ्यायला लावला. चौथ्या दिवशी नवाही गेला.

त्या वेळी मात्र आमचा पोरगा तिथेच होता आणि त्याने कोणाला हात लावू दिला नाही. स्विच आपोआप सुरू होत होता. त्याने कन्सोल (लॅपटॉपवरून केबलने थेट स्विचशी बोलायची सोय) लावून ‘शो व्हर्जन’ घेतलं: अपटाइम, म्हणजे सुरू होऊन झालेला वेळ, चार मिनिटं, कारण पॉवर-ऑन. आणि बटणाला कोणीही शिवलेलं नव्हतं! मग उलगडलं. गाठी बांधायच्या प्रेसची मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली बसायचं, यूपीएसची बॅटरी मेलेली, स्विचला क्षणभर वीज मिळायची नाही. स्विचला उठायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात वायरमन घाईने पुन्हा बंद-चालू करायचा आणि खरं कारण त्याच्या बटणाखाली झाकलं जायचं. दोष बॅटरीचा होता. नव्या स्विचचा खर्च मालकाच्या अंगावर विनाकारण पडला, तो माझ्या सांगण्यावरून. ते अजून टोचतं.

वीज काढली की दोन गोष्टी जातात. रॅममधला लॉग पुसला जातो, आणि ‘मी का पडलो’ या प्रश्नाचं उत्तर ‘पॉवर-ऑन’ होऊन बसतं. स्विच स्वतः कोसळला असता तर तिथे ‘बस एरर अॅट पीसी’ आणि पुढे हेक्स आकडा (अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला) असं काहीतरी दिसलं असतं. कोणी ‘रीलोड’ दिला असता तर ‘रीलोड’. एवढी मोलाची ओळ आपण बटण दाबून घालवतो.

पिशवीत काय असावं

कन्सोलची निळी रोलओव्हर केबल, यूएसबी-सिरियल अडॅप्टर, आणि नव्या मॉडेलसाठी मिनी-यूएसबी व टाइप-सी केबल. अडॅप्टरचा ड्रायव्हर घरूनच टाकून, एकदा लावून बघून निघा. नेटवर्क बंद पडलेल्या जागी ड्रायव्हर शोधत बसायची वेळ येते आणि शेतातल्या कोल्ड स्टोरेजला मोबाइलची रेंजही नसते. कन्सोलवर बोलायला पुट्टी किंवा टेरा टर्म हे सॉफ्टवेअर, स्विचवरून फाइल लॅपटॉपवर घ्यायला एक टीएफटीपी सर्व्हर, रिकामा पेनड्राइव्ह. आणि एनेबलचा, म्हणजे स्विचच्या सगळ्या कमांड खुल्या करणारा, पासवर्ड. हा नसेल तर पुढचं सगळं वाया. आधीचा ठेकेदार पासवर्ड न देता निघून गेलेला असतो आणि ते कळतं बिघाडाच्या दिवशीच. आम्ही आता पासवर्ड बंद पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत ठेवायला देतो.

आधी डोळ्यांनी बघा, मग लॅपटॉप उघडा

समोरच्या दिव्यांचा मोबाइलवर दहा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. फोटोत लुकलुकणं कळत नाही, व्हिडिओत कळतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतल्या स्विचवर ‘सिस्ट’चा दिवा हिरवा म्हणजे ठीक, पिवळसर म्हणजे वीज मिळतेय पण यंत्र नीट चालत नाही. पंख्याचा आवाज येतोय का, वरून हात ठेवला तर किती भाजतंय, रॅकच्या खोलीतला एसी चालू आहे का, हेही लिहून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि ऑफिसात लावायच्या बऱ्याच स्विचची कामाची कमाल मर्यादा ४५ अंशच असते. पत्र्याच्या शेडमधल्या बंद कपाटात तो स्विच किती सोसत असेल, विचार करा.

कन्सोल आणि लॉग फाइल

पुट्टीत प्रकार ‘सिरियल’ निवडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसेल तो कॉम पोर्ट, वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. आता ‘ओपन’ दाबायच्या आधी डावीकडे ‘सेशन’खालच्या ‘लॉगिंग’वर जा, ‘ऑल सेशन आउटपुट’ निवडा आणि फाइलचं नाव-जागा द्या. ही पायरी हमखास विसरली जाते. पोरं म्हणतात, नंतर माउसने सिलेक्ट करून कॉपी करू. पण पुट्टी मागच्या ठरावीक ओळीच सांभाळतो, नव्या आवृत्तीत मूळ सेटिंगला २०००. पूर्ण डंप, म्हणजे स्विचच्या पोटातली सगळी माहिती एकदम ओतलेली, त्याच्या कितीतरी पट असतो. वरचं वाहून जातं आणि हाती शेपूट उरतं.

एंटर दाबा. स्विचचं नाव दिसलं की ‘एनेबल’, पासवर्ड, आणि लगेच:

‘टर्मिनल लेंथ ०’

ही दिली नाही तर दर पानाला ‘मोअर’ म्हणून थांबतो आणि ते शब्द फाइलभर पसरतात.

एंटर दाबूनही काही आलं नाही तर दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा दाबा, केबल आणि वेग तपासा. तरी गप्पच असेल तर वीज काढण्यावाचून इलाज नाही, पण कन्सोल लावलेला आणि लॉग सुरू असतानाच काढा. उठताना स्विच जे बोलतो ते सगळं फाइलमध्ये यायला हवं. आणि स्क्रीनवर आकड्यांच्या ओळी धो-धो येत असतील तर तो कोसळताना आपली अवस्था सांगतोय, त्याला पूर्ण बोलू द्या.

छोटं आधी, मोठं नंतर

थेट मोठा डंप सुरू करू नका. आजारी स्विच मध्येच पडला तर सगळंच जाईल. मी या क्रमाने घेते.

‘शो क्लॉक’. आणि त्याच वेळी मोबाइलचं घड्याळ स्क्रीनशेजारी धरून एक फोटो. याचं कारण नीट समजून घ्या. बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वेळ देणारा एनटीपी सर्व्हर नसेल तर वीज आल्यावर ते १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी तारा (*) आणि ‘मार्च १’ दिसला की पोरं गोंधळतात. तारा म्हणजे ‘या वेळेची खात्री नाही’. पण स्विचच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत आणि खरे किती वाजलेत हे एका फोटोत असलं की लॉगमधली प्रत्येक ओळ खऱ्या वेळेला बसवता येते. प्रेसची मोटर कधी सुरू झाली ते वजनकाट्याच्या पावत्यांवरून आणि ऑपरेटरला विचारून काढलं, स्विच कधी उठला ते या फोटोवरून, आणि दोन्ही वेळा एकाला एक लागल्या. चोपड्याचा गुंता असा सुटला होता.

‘शो व्हर्जन’. अपटाइम, पडण्याचं कारण, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सिरियल नंबर. कंपनीला केस नोंदवताना सिरियल नंबर पहिल्या वाक्यातच विचारतात.

‘शो लॉगिंग’. हा लॉग रॅममध्ये असतो आणि अनेक स्विचवर त्याला मूळ जागा फक्त ४०९६ बाइट. म्हणजे चाळीस-पन्नास ओळी. एखादा पोर्ट (केबल लावायची जागा) सारखा बंद-चालू होत असेल तर काही मिनिटांतच जुनं पुसून निघतं, म्हणून उशीर नको. मोठ्या डंपमध्ये हा लॉग प्रत्येक मॉडेलवर येतोच असं नाही, तेव्हा वेगळा घ्याच.

‘शो एन्व्ह ऑल’. तापमान, पंखा, पॉवर सप्लाय.

‘शो इंटरफेसेस’. हे एकदा घ्या, पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. सीआरसी एरर (वाटेत बिघडून पोचलेल्या माहितीची मोजणी) ५०,००० आहे हे कळून उपयोग नाही, त्या दोन वर्षांपूर्वीच्या असू शकतात. पाच मिनिटांत ५०,००० च्या ५०,४०० झाल्या तर ती केबल आत्ता खराब आहे. काउंटर शून्य करायचा मोह आवरा. कंपनीचा माणूस ते जुने आकडेही मागतो.

आता मोठा डंप: ‘शो टेक-सपोर्ट’. ही एक कमांड आतल्या आत अनेक ‘शो’ कमांड एकामागून एक चालवते. कन्सोलवर ९६०० वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरं येतात, त्यामुळे एक एमबीचा डंप यायला १८ मिनिटं लागतात. पोरगा दहाव्या मिनिटाला फोन करतो की अडकलं वाटतं. अडकलेलं नाही. चहा घे, केबलला धक्का लागू देऊ नको. स्विचवर कामाचा ताण असेल तर हा डंप त्यात भर घालतो, म्हणून काटा चालू असताना आधी मालकाला सांगून मग सुरू करा.

स्विच एसएसएचवर (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) येत असेल तर तिथूनच घ्या, मिनिटाभरात होतं. किंवा स्विचच्या फ्लॅशमध्येच (त्याच्या आतल्या साठवणीत) साठवा. आधी ‘डीआयआर फ्लॅश कोलन’ देऊन मोकळी जागा बघायची, मग:

‘शो टेक-सपोर्ट, उभी रेघ, रिडायरेक्ट फ्लॅश कोलन’ आणि पुढे लगेच फाइलचं नाव.

स्क्रीनवर काहीच दिसत नाही, थोड्या वेळाने नुसतं स्विचचं नाव परत येतं. तेच यशाचं लक्षण. फ्लॅशमधली फाइल वीज गेली तरी राहते.

क्रॅशची फाइल

स्विच खरंच कोसळला असेल तर त्याने स्वतः एक टिपण लिहिलेलं असतं. २९६०, ३५६०, ३७५० या जुन्या कॅटॅलिस्टवर, जे आपल्याकडे अजून ढिगाने चालतात, फ्लॅशमध्ये ‘क्रॅशइन्फो’ नावाचा फोल्डर असतो, आत ‘क्रॅशइन्फो अंडरस्कोर १’, ‘२’ अशा फाइली. सगळ्यांत मोठा आकडा सगळ्यांत ताजा. तारखेवर जाऊ नका, घड्याळाचं वर सांगितलंच. मूळ क्रॅशइन्फो फाइल कोसळल्यानंतरच्या पुढच्या बूटला लिहिली जाते, म्हणून स्विच पूर्ण उठेपर्यंत थांबायचं. शेजारी ‘क्रॅशइन्फो अंडरस्कोर ईएक्सटी’ फोल्डर असेल तर त्यातलीही घ्या. त्यातलं तुम्हा-आम्हाला फारसं कळत नाही. कंपनीच्या इंजिनिअरला त्यावरून सॉफ्टवेअरमधला नेमका दोष सापडतो, आणि स्विच बदलून मिळायला किंवा सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती मिळायला तोच आधार ठरतो.

फाइल लॅपटॉपवर आणायला टीएफटीपी. लॅपटॉपला स्विचच्याच नेटवर्कमधला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.५०. टीएफटीपी सर्व्हर सुरू करा, स्विचवरून लॅपटॉप पिंग करून उत्तर येतं का बघा, मग ‘कॉपी’, सोर्स फाइल, ‘टीएफटीपी कोलन’. तो पत्ता विचारतो, मग नाव विचारतो. स्क्रीनवर उद्गारचिन्हांची रांग धावली की फाइल चाललीय. टिंब टिंब टिंब आले तर पोचत नाहीये, आणि दहापैकी नऊ वेळा अडवणारा लॅपटॉपचा फायरवॉल असतो. टीएफटीपीच्या यूडीपी ६९ या पोर्टसाठी वाट मोकळी करा, काम झालं की पुन्हा बंद करा. लिनक्सवर जुना टीएफटीपी सर्व्हर असेल तर त्या नावाची रिकामी फाइल आधी तयार करून लिहायची परवानगी द्यावी लागते. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, त्यामुळे सर्व्हर कायम चालू ठेवायचा नाही. स्विचला एसएसएच असेल तर ‘टीएफटीपी’च्या जागी ‘एससीपी’ (एसएसएचवरून फाइल पाठवायची रीत) वापरा, तेच बरं.

दुसऱ्या कंपन्यांचे

एचपी-अरुबाच्या जुन्या प्रोकर्व्ह घराण्यात आधी ‘नो पेज’, मग ‘शो टेक ऑल’. पडण्याचा इतिहास ‘शो बूट-हिस्ट्री’त मिळतो, ही कमांड मला फार आवडते. एचथ्रीसी आणि हुआवेला ‘डिस्प्ले डायग्नोस्टिक-इन्फर्मेशन’. एचथ्रीसी विचारतो, साठवू की दाखवू, तेव्हा साठव म्हणायचं. ज्युनिपरला ‘रिक्वेस्ट सपोर्ट इन्फर्मेशन, उभी रेघ, सेव्ह’ आणि फाइल ‘व्हार’च्या ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये. ‘शो सिस्टिम कोअर-डम्प्स’ही बघून घ्या.

मायक्रोटिक आपल्याकडच्या केबल-इंटरनेटवाल्यांकडे घरोघर आहे. विनबॉक्स या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेक सपआउट डॉट आरआयएफ’ असं सपोर्टची फाइल बनवायचं बटणच आहे. पण एक धोका आहे. ‘फाइल्स’मध्ये ‘फ्लॅश’ नावाचा फोल्डर दिसत असेल तर त्याच्या बाहेरचं सगळं रॅममध्ये असतं, रीबूटला उडतं. फाइल तयार झाली की लगेच ओढून लॅपटॉपवर घ्या.

फाइल हाती आली, पण ती बरोबर आहे का?

तिथून निघण्याआधी उघडून बघा. मी तीन गोष्टी बघते. पुट्टीच्या लॉग फाइलीत शेवटच्या ओळीला स्विचचं नाव परत आलंय का, नसेल तर डंप मध्येच तुटलाय. ‘मोअर’ शोधून बघायचा. आणि ‘शो व्हर्जन’मधला सिरियल नंबर स्विचच्या स्टिकरशी जुळतो का, कारण तीन सारखे स्विच एका रॅकमध्ये असले की भलत्याचाच डंप घेतला जातो. फ्लॅशवरून आणलेल्या फाइलीसाठी स्विचवर ‘व्हेरिफाय स्लॅश एमडीफाइव्ह’ आणि विंडोजवर ‘सर्टयुटिल हायफन हॅशफाइल, फाइलचं नाव, एमडीफाइव्ह’, दोन्हीकडचा आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) एकच यायला हवा.

नाव देताना तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे गाव, स्विचचं नाव, काय घेतलं. ‘न्यू’, ‘न्यू१’, ‘फायनल’ अशा नावांच्या फाइली सहा महिन्यांनी कोणालाच ओळखू येत नाहीत. त्याच फोल्डरमध्ये चार ओळींची साधी टिपण फाइल: किती वाजता बंद पडलं, तेव्हा काय चालू होतं, कोणी काय दाबलं. शेवटचं खरं लिहा, कोणाला वाचवायला खोटं लिहू नका.

मूळ फाइल कधीही बदलायची नाही. पाठवायची असेल तिची प्रत करा. सिस्कोचा ‘शो टेक’ पासवर्ड स्वतःहून काढून टाकतो, तिथे ‘रिमूव्ह्ड’ असं दिसतं. पण तुम्ही वेगळा ‘शो रनिंग-कॉन्फिग’ (स्विचची चालू सेटिंग्ज) घेतला असेल तर त्यात ज्यांच्या आधी ‘७’ लिहिलेला असतो ते पासवर्ड कोणीही क्षणात उलगडू शकतो. शिवाय आयपी पत्ते, व्हीलॅनची नावं, युजरची नावं उघडीच असतात. पतपेढीचा डंप म्हणजे तिच्या दारं-खिडक्यांचा नकाशा. तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘कोणी बघा रे’ म्हणून टाकलेला मी पाहिलाय, आणि त्या पोराला मी तिथल्या तिथे काढायला लावला. कंपनीच्या केस पोर्टलवरच चढवा.

पुढच्या वेळेसाठी

परत निघण्याआधी पाच मिनिटांचं काम. ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’, एनटीपीचा पत्ता, ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम’, आणि ‘लॉगिंग बफर्ड ६५५३६’. ऑफिसात एखादा जुना पीसी पडून असेलच, त्यावर सिसलॉग सर्व्हर (स्विचचा लॉग नेटवर्कवरून गोळा करणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि ‘लॉगिंग होस्ट’मध्ये त्याचा पत्ता द्या. स्विच पडला तरी पडण्याआधीच्या ओळी त्या पीसीत राहतात, अट एवढीच की तो पीसी त्याच मेलेल्या यूपीएसवर नको. शेवटी कॉन्फिग साठवायला विसरू नका.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास, कापूस यायच्या आधी, मी प्रत्येक जिनिंगला एक चक्कर मारते आणि सगळं नीट चालू असतानाचा डंप घेऊन ठेवते. अमळनेरच्या एका गोडाऊनमध्ये गेल्या हंगामात काटा अधूनमधून अडकायचा. दसऱ्याच्या फाइलीत त्या पोर्टवर सीआरसी शून्य होत्या, डिसेंबरच्या फाइलीत हजारांत. केबल उंदराने कुरतडली होती. नवी ओढली, संध्याकाळपर्यंत ट्रॉल्या सुटल्या.